फ्रिजवरचं घड्याळ

संशय घेणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. महाराणा प्रताप नगरातल्या एका विमा कंपनीत मी गाड्यांचे क्लेम तपासते. समोरचा सांगतो की काल संध्याकाळी गाय आडवी आली आणि गाडी खांबाला घासली. मी पोच्याची कड बघते, तिथे गंज धरलेला असतो, ओरखड्यात धूळ बसलेली असते, आणि त्याच्या गोष्टीतली गाय जरा जास्तच सविस्तर असते. तिचा रंग, तिचं वासरू, ती कुठल्या गल्लीतून आली. खरं बोलणाऱ्याला गायीचा रंग आठवत नाही.

हा गुण माझ्यात बाबांकडून आला. ते भोपाळच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. मशीनवरून उतरलेला प्रत्येक तुकडा खोटा आहे असं धरून चालायचं, त्याने स्वतःला खरं ठरवलं तर त्याला हिरवी चिठ्ठी बांधायची, नाहीतर लाल, हे त्यांचं चौतीस वर्षांचं आयुष्य. घरीही तेच. दूधवाला, गवंडी, जावई, सगळे त्या तपासणीतून गेले. आई म्हणते, मुलगी बघायला आले तेव्हा ह्यांनी मला कमी आणि आमच्या दारांच्या बिजागऱ्या जास्त बघितल्या.

तर असे आम्ही दोघं. त्यातल्या एकाने घर विकलं, दुसरीने ते घेतलं, आणि विकणारा त्याच घरात भाड्याने राहिला. यात काही सरळ होईल अशी आशा धरणं हीच चूक होती.

घर भोपाळातच, शाहपुऱ्यात आहे, तलावापासून चालत दहा मिनिटांवर. मी त्यात कधी राहिले नाही. ते बांधून झालं तेव्हा माझं लग्न होऊन मी कोलार रोडला आले होते आणि धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला लागला होता. आईबाबांचं हे पहिलं स्वतःचं घर, तेही निवृत्तीच्या तोंडावर झालेलं. दोन वर्षांपूर्वी बाबांनी जाहीर केलं की हातपाय चालताहेत तोवर याचं काय ते करून टाकायचं. भावाचा वाटा भावाला द्यायचा, उरलेल्यात म्हातारपण काढायचं, कुणापुढे हात पसरायचा नाही. भाऊ म्हणाला, विका आणि पुण्याला या. आई म्हणाली, मी इथून हलणार नाही, तलावावर माझ्या बायका आहेत. सकाळी फिरायला येणाऱ्या तिच्या सहा मैत्रिणी, त्यांचं एक झाड आहे, त्याखाली त्या बसतात आणि कधीच फिरत नाहीत.

मग मीच म्हटलं, मी घेते. कर्ज काढते. तुम्ही आहात तिथेच राहा.

बाबा म्हणाले, राहू, पण भाडं देऊन. फुकट राहणार नाही. मी हसले, आणि ते हसले नाहीत.

रजिस्ट्रीच्या ऑफिसात तिथल्या बाबूच्या मनातही पाल चुकचुकली. बाप विकतोय, मुलगी घेतेय, दानपत्र का करत नाही, भाई को पता है ना? त्याने मला, आईला आणि बाबांना एका चौकटीत उभं करून फोटो काढला. त्या फोटोत आम्ही तिघंही कुणीतरी आपल्याला फसवतंय अशा चेहऱ्याने उभे आहोत. अजून तो फोटो माझ्याकडे आहे.

घरी आल्यावर बाबांनी रेघी कागद काढला, त्याखाली कार्बन घातला आणि यादी करायला घेतली. कारखान्याच्या वसाहतीत क्वार्टर मिळालं की पहिल्या दिवशी अशी यादी व्हायची. पंखे किती, बल्ब किती, नळ किती, काच कुठली तडकलेली. राहणाऱ्याने सही करायची, आणि क्वार्टर सोडताना तोच कागद घेऊन एक माणूस यायचा आणि खोलीखोलीतून फिरायचा. बाबांनी शाहपुऱ्याच्या घराची तशीच यादी केली, तीन पानं. पंखे चार, पैकी एक आवाज करतो. ओटा, डाव्या कोपऱ्याला टवका. मागचं दार, पावसाळ्यात फुगतं. भिंतीवरचे खिळे, सदतीस.

‘खिळे कशाला मोजलेत?’ मी विचारलं.

‘भिंत तुझी आहे,’ ते म्हणाले. ‘इथे सही कर.’

त्या सदतीस खिळ्यांबद्दल सांगायला हवं. वसाहतीत भिंतीला खिळा ठोकायला बंदी होती. म्हणजे ठोकता यायचा, पण सोडताना प्रत्येक भोकाचा हिशेब व्हायचा आणि त्याशिवाय काही बाकी नसल्याचा शेवटचा कागद मिळायचा नाही, असं सगळे म्हणायचे. काही लोक खुशाल ठोकायचे. पण बाबा तपासणी विभागाचे. आमच्या क्वार्टरमध्ये एकोणतीस वर्षांत एक खिळा नव्हता. कॅलेंडर दाराच्या कडीला, चाळणी खिडकीच्या गजाला, आरसा टेबलावर भिंतीला टेकवून, आजोबांचा फोटो कपाटावर आडवा. मी आणि भाऊ त्या नागड्या पांढऱ्या भिंतींमध्ये वाढलो. शेजारी गेलं की त्यांच्या भिंतीवरचं एखादं भरतकाम बघून आईचे डोळे तिथेच राहायचे.

म्हणून शाहपुऱ्याच्या घरात वास्तुशांत झाली, गुरुजी जेवून गेले, आणि त्याच दुपारी आईने हातोडी काढली. बाबांनी अर्धा किलो खिळे आधीच आणून ठेवले होते. चाळणीला खिळा, पोळपाटाला खिळा, किल्ल्यांना, पंचांगाला, छत्रीला, बाबांच्या टोपीला. गोवर आल्यासारखी भिंत झाली. आई मधेच थांबून मागे सरायची, बघायची, आणि पुन्हा ठोकायची. मी तिला इतकी खूश कधीच पाहिली नाही, माझ्या लग्नातसुद्धा नाही.

यादीनंतर करारनामा झाला, अकरा महिन्यांचा, स्टँपपेपरवर. त्यानंतर बाबा म्हणाले की पोलिसांत किरायेदाराची माहिती द्यावी लागते. मी म्हटलं, बाबा, तुमची माहिती मी काय देणार? ते म्हणाले, नियम आहे. शेवटी दोघंही ठाण्यात गेलो. हवालदाराने फॉर्म बघितला, माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं.

‘बिटिया मकान मालिक, और आप किरायेदार?’ तो म्हणाला. ‘सब ठीक है ना, अंकल? कोई दबाव तो नहीं?’

त्याच्या नजरेत मी अशी मुलगी होते जिच्याबद्दल पेपरात येतं. बाबांनी त्याला शांतपणे सांगितलं की सगळं ठीक आहे, आणि फॉर्म भरायला बसले. स्थायी पत्त्याच्या रकान्याशी त्यांचं पेन अडलं. हवालदार म्हणाला, यही लिख दो, शाहपुरावाला. बाबा म्हणाले, किराये का मकान स्थायी पता कैसे होगा? मग त्यांनी डाव्या हाताचा आडोसा करून काहीतरी लिहिलं. मी बघितलं. बघणं माझं कामच आहे. त्यांनी भावाचा पुण्याचा पत्ता लिहिला होता.

मी माझ्या रकान्यात सही केली. पण ते माझ्या मनात बसलं ते बसलंच.

पुढच्याच महिन्यात त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. मी एक मोठं भिंतीवरचं घड्याळ दिलं, चांगलं परातीएवढं, ठळक आकड्यांचं, कारण आईला दिवाणावरून जुनं घड्याळ दिसायचं नाही. चांगलं वजनदार होतं. आईने त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, दिवाणखान्यात लावू, दारासमोर.

ते लागलं नाही. पुढच्या वेळी गेले तर ते फ्रिजवर होतं, भिंतीला टेकवून, औषधांच्या डब्याशेजारी. त्याच्या पुढच्या वेळीही. दसरा झाला, दिवाळी झाली, घड्याळ फ्रिजवर. चालू होतं, वेळ बरोबर दाखवत होतं. आई दिवाणावरून उठून स्वयंपाकघरात जायची, किती वाजले ते बघायची आणि परत येऊन बसायची. मी एकदा विचारलं, का गं लावलं नाहीस? ती म्हणाली, लावू की, काय घाई आहे. आणि विषय बदलला.

मला वाईट वाटलं. आवडलं नसेल, असं आधी वाटलं. मग बसल्या बसल्या तो ठाण्यातला रकाना आठवला आणि वाटलं, ज्यांना इथे राहायचंच नाही ते घड्याळ कशाला लावतील? एकदा असं वाटलं की मग थांबता येत नाही. मग प्रत्येक गोष्ट पुरावा होते. बाबा फोनवर बोलताना गॅलरीत जायला लागले, पुरावा. आईने नवीन तुळस लावली नाही, जुनी वाळली तरी, पुरावा. भावाचा फोन आला की आई एकदम ‘हो, हो, बरं’ एवढंच बोलायची, हाही पुरावाच. नवरा म्हणाला, तू स्वतःच्या आईबापाचा क्लेम तपासतेयस. मी म्हटलं, खोटा निघाला तर? तो पेपर वाचायला लागला.

फेब्रुवारीत आईचा गुडघा धरला. न्हाणीघरात ती नळाला धरून उठते हे मी पाहिलं आणि मला धडकी भरली. भिंतीला धरायला दांडे बसवायचे ठरवलं. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी नकोच म्हटलं असतं, म्हणून मी परस्पर एका ठेकेदाराला पाठवलं, माप घेऊन ये म्हणून, कशासाठी ते त्यांना सांगू नकोस म्हणून. तो गेला, माप घेतलं, त्याच्या सवयीप्रमाणे सगळ्या खोल्यांची घेतली, फोटो काढले, आणि मला किंमत कळवतो म्हणून गायब झाला. ऑफिसात मार्च म्हणजे क्लेमचा पूर असतो. मी विसरले.

होळीनंतर एका शनिवारी गेले तेव्हा घरात काहीतरी वेगळं वाटलं. आधी कळेना काय. चहा पिता पिता लक्षात आलं, पंचांग नव्हतं. त्याच्याखाली किल्ल्या असायच्या, त्या नव्हत्या. आजोबांचा फोटो नव्हता. आणि त्या जागी भिंतीवर वाटाण्याएवढे पांढरे ठिपके होते. आई आत गेल्यावर मी उठून एका ठिपक्यावर बोट टेकवलं. पुट्टी ओली होती.

मी खिळे मोजले. सदतीसवर माझी सही होती. एकोणीस उरले होते.

आतल्या छोट्या खोलीत किराणावाल्याकडची खोकी एकावर एक रचली होती. सुतळीने बांधलेली, वर बाबांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: ‘स्वयंपाक १’, ‘स्वयंपाक २’, ‘फोटो’, ‘अवजारं’. मी आईला विचारलं, हे काय? ती म्हणाली, उन्हाळ्याची आवराआवर. मग तिने झुरळांचं सांगितलं, मग वाळवीचं, मग समोरच्या बाईंकडे कशी वाळवी लागली आणि त्यांच्या कपाटातला शालू कसा खाल्ला, तो शालू कुठल्या रंगाचा होता. मी ऐकत राहिले. रंग ऐकला आणि मला समजलं की आई खोटं बोलतेय.

घरी जाऊन मी भावाला फोन लावला. तो इतक्या गोड आवाजात बोलला की माझी खात्रीच झाली. मी सरळ विचारलं, आईबाबा तुझ्याकडे येताहेत का?

‘ताई, तूच सांग ना काय ते,’ तो म्हणाला. ‘बाबांनी विचारलं, मे महिन्यापासून काही दिवस येऊ का. मी म्हटलं या. कारण विचारलं तर ताकास तूर लागू देत नाहीत.’

मी फोन ठेवला. मला काय वाटलं ते स्पष्टच सांगते, कारण त्याची मला नंतर लाज वाटली. मला वाटलं, मला गंडवलं. घर माझ्या गळ्यात मारलं, भावाचा वाटा भावाला पोचता केला, आणि आता दोघं तिकडे. वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर आणि रिकामं घर, टवक्याच्या ओट्यासकट. पण त्या रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं आणि ते जास्त दुखत होतं. ते घर मला नकोच होतं. मला शाहपुऱ्यात आईबाबा हवे होते. शनिवारी जाऊन भांडता येईल इतक्या अंतरावर.

आठ दिवस मी गेले नाही. नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, न कळवता गेले. वाटेत पोहे-जिलबी घेतली, कारण भांडायला जातानाही रिकाम्या हाताने जायची आमच्यात रीत नाही. बेल वाजवली. बाबांनी दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट घातलेला होता, आणि हातात फाइल.

‘बरं झालं आलीस,’ ते म्हणाले. ‘मी बोलावणारच होतो. तपासून घे.’

त्यांनी यादी काढली आणि पुढे झाले. मी मागून गेले. काय चाललंय ते मला कळत होतं आणि कळतही नव्हतं. ते वाचत होते, पंखा लावून दाखवत होते, बंद करत होते. पंखे चार, हा आवाज करायचा, तेल घातलंय. नळ पाच, एकाचा वॉशर नवा. मागचं दार, रंधा मारून घेतला. दिवाणखान्यात येऊन थांबले. भिंतींवर आता एकही खिळा नव्हता. सगळीकडे पांढरे ठिपके होते आणि त्याखेरीज काही नव्हतं. मी लहानपणी ज्या भिंती बघत मोठी झाले त्याच या भिंती होत्या.

‘खिळे सदतीस,’ बाबांनी वाचलं. ‘काढले. भोकं बुजवली. रंगाचा एक हात द्यावा लागेल, तो भाडेकरूकडे लागतो. सांगितलंय रंगाऱ्याला.’

‘बाबा, तुम्ही कुठे चाललात?’

‘तीस तारखेला करार संपतोय.’

‘मग?’

‘मग मकान खाली करून द्यायचं. मुदत वाढवायची असेल तर मालकाने महिनाभर आधी सांगायचं, असं कलम आहे. तू काही बोलली नाहीस.’ ते माझ्याकडे बघत नव्हते, यादीकडे बघत होते. ‘माप घ्यायला माणूस आला होता तुझा. फोटो काढून गेला. तुझ्या अडचणी असतील, कर्ज आहे. मी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस म्हणजे तुला सांगायला जड जात असेल. आम्ही अडून बसलो असं व्हायला नको.’

वसाहतीत बाबांचे एक साहेब निवृत्तीनंतरही सहा महिने क्वार्टर अडवून बसले होते. त्यांचं नाव आमच्या घरात चोराचं नाव घ्यावं तसं घेतलं जायचं. ते मला आठवलं.

मी दांड्यांचं सांगितलं. आईच्या गुडघ्याचं, न्हाणीघराचं, ठेकेदाराचं. बोलता बोलता माझा आवाज चढला. म्हटलं, अकरा महिने हा नुसता कागद होता, तुम्हाला असं वाटलंच कसं? मी घर घेतलं ते तुम्ही राहावं म्हणून. आणि तुम्ही तर पहिल्या दिवसापासून पुण्याचा पत्ता लिहून बसलाय.

‘रकाना रिकामा ठेवता येत नाही,’ बाबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, ‘दांड्यांचं मला का नाही सांगितलंस?’

‘तुम्ही नको म्हणाला असता.’

‘म्हटलं असतं,’ त्यांनी कबूल केलं.

एवढ्यावर खरं म्हणजे मिटायला हवं होतं. पण मी मुळात बाबांचीच मुलगी. मी म्हटलं, दांड्यांचा माणूस आला फेब्रुवारीत. घड्याळ त्याच्या कितीतरी आधीपासून फ्रिजवर आहे. तेव्हा तर कोणी माप घ्यायला आलं नव्हतं. तेव्हापासूनच तुमचं जायचं ठरलं होतं ना? मी दिलेलं एक घड्याळ तुमच्याच्याने भिंतीवर लागलं नाही.

बाबांनी फाइल बंद केली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथे आई उभी होती, हातात जिलबीची पुडी.

‘तू नाही म्हणालीस,’ आई म्हणाली.

‘मी?’

‘तू घड्याळ दिलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुला ऑफिसात फोन केला होता. घड्याळ जड आहे, जुन्या खिळ्यावर राहणार नाही, नवा जाड खिळा लागेल. म्हणून विचारलं, दिवाणखान्यात एक खिळा ठोकू का. तू म्हणालीस, नंतर बघू.’

मला तो फोन आठवत नाही. आजही आठवत नाही, मी खूप प्रयत्न केला. आई नेहमी नको त्या वेळी फोन करते, मी कुठल्यातरी गॅरेजमध्ये कुठल्यातरी चेपलेल्या दाराशी वाकलेली असते, आणि तिने काहीही विचारलं तरी मी ‘नंतर बघू’ म्हणून फोन ठेवते. दिवसात चार वेळा म्हणते. मुलांना म्हणते, नवऱ्याला म्हणते. त्याचा अर्थ काहीच नसतो.

‘मग पुन्हा का नाही विचारलंस?’ मी म्हटलं. एवढंच सुचलं.

‘मालकाला एकदा विचारायचं,’ आई म्हणाली. ‘ह्यांच्या साहेबांच्या बायकोने मला शिकवलं होतं, क्वार्टरमध्ये गेलो तेव्हा. सारखं विचारलं की डोळ्यांवर येतं. मी वाट बघितली गं. म्हटलं, तूच कधीतरी म्हणशील.’

ती चिडून बोलत नव्हती, हेच वाईट होतं. तिने हे इतक्या साधेपणाने सांगितलं की मी जवळच्या खोक्यावर बसले. नऊ महिने मी त्या फ्रिजवरच्या घड्याळाकडे बघून तिचा डाव शोधत होते, आणि ती माझ्या परवानगीची वाट बघत होती. मी समजत होते की मी त्यांचं घर वाचवलं. मी त्यांना उचलून परत क्वार्टरमध्ये नेऊन ठेवलं होतं, आणि या वेळी तो यादी घेऊन येणारा माणूस मी होते.

मला रडू आलं. बाबांना रडणं बघवत नाही, ते गॅलरीत गेले. आई म्हणाली, पोहे गार होताहेत.

पोहे खाल्ल्यावर मी ‘अवजारं’ लिहिलेलं खोकं उघडलं. वरती हातोडी, खाली डब्यात सगळे खिळे, काढलेले, सरळ केलेले, लांबीप्रमाणे वेगळे. बाबांनी ते फेकले नव्हते. त्यातला कुठलाच घड्याळाला पुरेसा जाड नव्हता. आई आत गेली आणि कपाटातून एक पुडी घेऊन आली. त्यात एक नवा खिळा होता, बोटभर लांब. गेल्या वर्षी घड्याळ आलं त्याच दिवशी तिने कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून तो आणून ठेवला होता.

मी स्टुलावर चढले. आईने जागा दाखवली, डावीकडे, जरा वर, नाही, तेवढी नाही. पहिला घाव खिळ्यावर बसला, दुसरा बोटावर. भिंतीचा चांगला रुपयाएवढा पोपडा निघून खाली पडला. बाबा गॅलरीतून आत आले, तो पोपडा उचलून त्यांनी उलटसुलट करून बघितला. चौथ्या घावाला खिळा बसला. मी घड्याळ अडकवलं. आई दिवाणावर जाऊन बसली आणि तिथून तिने वेळ वाचून दाखवली, दहा वाजून वीस मिनिटं.

मी म्हटलं, आता बाकीची खोकी सोडू या. आईने मान हलवली.

‘आधी पुढच्या अकरा महिन्यांची सही कर,’ ती म्हणाली. ‘मग सोडेन.’

मी म्हटलं, आई, काय गं तू. पण तिने एकाही सुतळीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून अर्धी सुट्टी घेऊन मी स्टँपपेपर आणला, तेव्हाच तिने ‘स्वयंपाक १’ची गाठ सोडली.

त्या रविवारी मात्र मी निघायच्या आधी बाबा टेबलाशी बसले. त्यांनी जुनी यादी काढली, खिळे सदतीस या ओळीवर रेघ मारली, खाली कार्बन नीट सरकवला, आणि शेवटी एक नवी ओळ लिहिली. मग पेन आणि कागद माझ्याकडे वळवून म्हणाले, वाचून घे आणि सही कर. मी वाचलं.

‘दिवाणखाना, दारासमोरची भिंत. खिळा एक. मालकिणीने स्वतः ठोकला.’